पाठीवरची खोली

१

पिकअपच्या पाठीवर अख्खी खोली चढवायची आणि वर त्याच पिकअपमागे खेचरांचा ट्रेलर ओढायचा, हा उद्योग सत्तरी ओलांडलेल्या माणसाने करू नये, असं ऑरिन हॅस्केलच्या मुलीचं स्पष्ट मत होतं. ऑरिनला ते मान्य नव्हतं. दर मे महिन्यात युटातलं घर बंद करायचं, नेवाडाचं वाळवंट ओलांडायचं आणि कॅलिफोर्नियातल्या बिशप गावी खेचरांच्या मेळ्याला हजेरी लावायची, हे तो लग्न झाल्यापासून करत आला होता. आता पाय दुखतात म्हणून ते सोडायचं, तर मग पाय चालतात तोवर केलं तरी कशाला, असा त्याचा हिशेब होता.

खोली म्हणजे कॅम्पर. पत्र्याच्या भिंती, आत एक टेबल, त्याच्या दोन बाजूंना दोन बाकं, शेगडी, आणि ड्रायव्हरच्या केबिनच्या टपावर पुढे आलेला पलंग. दार मागे, ट्रेलरच्या दांड्याच्या बरोबर वर. पुढे एक काच, ती पिकअपच्या मागच्या काचेला जवळजवळ टेकलेली. ऑरिनची बायको व्हर्ना प्रवासात पाठ धरली की मागे जाऊन त्या काचेजवळच्या बाकावर आडवी व्हायची आणि पडदा ओढून घ्यायची. मग ऑरिनला आरशात रस्ता दिसत नसे, ट्रेलर दिसत नसे, नुसती पडद्यावरची पिवळी फुलं दिसत.

दोघांच्या मध्ये दोन काचा, म्हणून दोन लाकडी चमचे. एक त्याच्या सीटच्या बाजूला खोचलेला, एक तिच्या बाकावर. तो मागची काच सरकवून, हात मागे घालून दोनदा वाजवायचा. म्हणजे, ठीक आहेस ना? ती तीनदा वाजवायची. म्हणजे, ठीक आहे, चल पुढे. आणि तळहाताने धबाधबा बडवलं, तर आत्ताच्या आत्ता थांब. या शेवटच्या प्रकाराचा तिने उभ्या संसारात एकदाच गैरवापर केला होता, हरणांचा कळप दिसला म्हणून. ते ऑरिनने तिला पुढे कैक वर्षं ऐकवलं.

गेल्या वर्षभरात तिचा चमचा मुका झाला होता. व्हर्नाचं विसरणं आधी चष्म्यापासून सुरू झालं, मग शेजाऱ्यांची नावं गेली, मग दिवस-वार गेले. मागच्या हिवाळ्यात ऑरिनने असाच चमचा वाजवला, तर तिने पडदा बाजूला करून काचेतून त्याच्याकडे पाहिलं. दारात पाहुणा आला की आपण बघतो तसं, हसतमुखाने, ओळख न देता. त्या दिवसापासून तो वाजवायचा ते सवयीने. उत्तराची वाट बघणं त्याने सोडून दिलं होतं, आणि त्याला फार एकटं वाटायचं. घरात दोन माणसं असून एकटं वाटणं हे कोणाला सांगताही येत नाही.

"या वर्षी जा," जोलीन, त्याची मुलगी, निघताना म्हणाली होती. "पण बाबा, आई एकदा जरी हरवली ना, तर मी तिला त्या वृद्धाश्रमात ठेवणार. मग तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही."

"माझ्या गाडीतून ती कुठे हरवणार आहे?"

"शब्द द्या."

त्याने शब्द दिला. ट्रेलर मागे घेताना मागून दिशा सांगायला जे वॉकीटॉकी ते वापरत, त्यातला एक जोलीनने दोरीने आईच्या गळ्यात अडकवला. दुसरा ऑरिनच्या समोर, स्टिअरिंगपुढच्या फळीवर होता.

२

नेवाडातलं ईली गाव सोडलं की टोनोपा गावापर्यंत माणसाचं तोंड दिसत नाही. एक डोंगर चढायचा, उतरायचा, मग टेबलासारखं सपाट खोरं, मग पुन्हा डोंगर. मधे कुठेतरी एकच पेट्रोलपंप आहे. तो ओपल नावाची एक जाडजूड बाई चालवते. तिच्याकडे एक तपकिरी म्हातारा कुत्रा होता. तो गिऱ्हाईक आलं तरी उठायचा नाही.

दुपारचं जेवण झाल्यावर ते तिथे पोचले. व्हर्ना मागे झोपली होती. ऑरिनने टाकी भरली. मग ट्रेलरमध्ये शिरून खेचरांना पाणी पाजलं. खेचरांना पाणी पाजणं म्हणजे त्यांच्या मर्जीचा कारभार. एक पिणार, दुसरं बादलीत नाक घालून नुसतं बघत राहणार. त्यात बराच वेळ गेला. मग तो नेहमीप्रमाणे सगळीकडून फिरला: दांड्याचा आकडा, साखळ्या, दिव्यांची वायर, टायर. खोलीचं मागचं दार किंचित उघडं दिसलं. आपणच मघाशी नीट लावलं नसणार, असं म्हणून त्याने ते अलगद दाबून बंद केलं, आत डोकावून तिची झोप मोडायला नको म्हणून डोकावला नाही, आणि बाहेरून कुलूप घातलं. किल्ली खिशात टाकली.

पंप मागे पडतो न पडतो तोच फळीवरचा वॉकीटॉकी खरखरला.

"ऑरिन?"

"हं, बोल. झोप झाली का?"

"इथे एक कुत्रा आहे."

ऑरिनने उसासा टाकला. अलीकडे असं चालायचं. कधी खोलीत तिची आई असायची, कधी शाळेतल्या बाई. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाद घालू नका, हो म्हणा.

"हो का? चावत नाही ना?"

"नाही. चांगला आहे. माझ्या पायावर डोकं ठेवलंय त्याने."

"ठेवू दे मग."

ती आणखी काही बोलली, पण खरखरीत ते ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, पण तो बारीक झाला होता, विहिरीच्या तळातून यावा तसा. तिने दोनदा त्याचं नाव घेतलं. मग नुसती खरखर, मग तीही नाही. बॅटरी गेली असणार, ऑरिनच्या मनात आलं. हातभर अंतरावरच्या माणसाचा आवाज लांब जाण्याचं दुसरं काय कारण असणार? टोनोपाला नवीन बॅटरी घेऊ, असं त्याने ठरवून टाकलं.

३

खोऱ्याच्या मधोमध रस्ता सुतासारखा सरळ होता. समोरून एक गाडी येईना. ऑरिनने सवयीने मागची काच सरकवली, चमचा काढला, हात मागे घालून दोनदा वाजवलं.

तीन ठोके परत आले.

त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला. ट्रेलरने मागून हलका धक्का दिला तेव्हा त्याला भान आलं. टायरखाली काहीतरी वाजलं असेल. खेचराने लाथ मारली असेल. त्याने पुन्हा दोनदा वाजवलं.

ठक, ठक, ठक. लाकडी चमच्याचाच आवाज, काचेवरचा. आणि शेवटचा ठोका जरा थांबून, नखऱ्यात. व्हर्ना तसाच मारायची, तरुण असल्यापासून.

आता यात भिण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. ऑरिन रडला. गाडी चालवता चालवता, बाहीने डोळे पुसत, या वयात शोभत नाही असा रडला. जोलीनला फोन करून सांगावंसं वाटलं, पण त्या खोऱ्यात फोन लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कधीकधी एखादा दिवस चांगला जातो, फार आशा धरू नका. त्याने आशा धरली. मग तो दर थोड्या वेळाने वाजवत गेला आणि दर वेळी तीन ठोके येत गेले. एकदा त्याने मुद्दाम, लग्नाच्या सुरुवातीला करायचा तसा, एका गाण्याचा ताल वाजवून अर्ध्यात सोडला. मागून उरलेला अर्धा वाजला.

मग एक गंमत झाली. त्याने चमचा खाली ठेवला होता, हात स्टिअरिंगवर होता, आणि मागून दोन ठोके आले.

ठीक आहेस ना?

हे तिने कधी विचारलं नव्हतं. विचारायचं काम त्याचं, उत्तर द्यायचं तिचं, अशी त्यांची वाटणी होती. ऑरिनने आरशात पाहिलं. पडदा ओढलेला होता. पिवळ्या फुलांवर ऊन पडलं होतं, आणि मधल्या एका फुलापाशी कापड आतून कोणीतरी नाक टेकवल्यासारखं किंचित पुढे आलं होतं.

त्याने तीनदा वाजवलं. तरीही मनाला कुठेतरी खुपलंच.

४

मागून मोटारसायकलचा हॉर्न कधीपासून वाजत होता कोण जाणे. खोली आणि ट्रेलर पाठीशी असले की मागचं जग गडप होतं, फक्त बाजूच्या लांब आरशांत कडेकडेचं दिसतं. मोटारसायकलवाला शेजारी येऊन हातवारे करायला लागला, तेव्हा ऑरिनने गाडी कडेला घेतली.

पोरगा तिशीतला होता, दाढीत धूळ. "काका, किती हॉर्न मारला. कानात कापूस घालून चालवता का?"

"काय झालं? टायर गेला का?"

"टायर कसला? बायको विसरलात पंपावर." तो दात काढून हसत होता. "ओपल म्हणाली, रुबेन, तू जोरात जातोस, त्या खोलीवाल्याला गाठ. तिला म्हणे हे नवीन नाही. दर उन्हाळ्यात एखादा नवरा मागे बायको झोपलीय असं समजून जातो निघून. कोणी चुकून विसरतो, कोणी मुद्दाम."

ऑरिनही हसला. "अरे, ती मागे आहे. आत्ता बोललो तिच्याशी."

"मग ती म्हातारी कोणाची? निळा स्वेटर, गळ्यात वॉकीटॉकी. कुत्र्याशेजारी बसलीय. कुत्र्याने डोकं ठेवलंय तिच्या पायावर, आणि ती म्हणते, मी उठले तर त्याची झोप मोडेल."

 ऑरिनने फळीवरच्या वॉकीटॉकीकडे पाहिलं. तरी त्याची बुद्धी वकिली करतच राहिली: पंपावर कुत्रा आहे हे तिने खिडकीतून पाहिलं असेल. निळे स्वेटर कोणाकडेही असतात.

"जरा बघतोस का रे मागे?" तो म्हणाला. आपण स्वतः का उतरत नाही, हे त्याला कळत होतं आणि कळूनही घ्यायचं नव्हतं.

रुबेन खोलीच्या कडेने मागे गेला. बाजूच्या आरशात तो खिडकीपाशी थांबलेला दिसला. त्याने टोपीला हात लावला, काहीतरी म्हणाला, हसला. मग परत आला, पण आता जरा अवघडून.

"आहेत की बाई. खिडकीत बसल्यात. हात केला मला." त्याने मान खाजवली. "मुलगी का तुमची?"

"बायको आहे."

"बायको." रुबेनने त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. "बरंय बुवा एकेकाचं. मग ती म्हातारी दुसऱ्या कोणाची तरी असेल. ओपलला तसं सांगता आलं तर सांगा, मी काही परत जात नाही." आणि तो मोटारसायकलला किक मारून पश्चिमेकडे निघून गेला. त्याच्या इंजिनाचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. मग खोऱ्यात काहीच उरलं नाही.

५

ऑरिन उतरला. खोलीच्या कडेने मागे जाताना त्याने खिडकीकडे पाहिलं नाही. ट्रेलरच्या दांड्यावर पाय ठेवून तो दारापाशी उभा राहिला. कुलूप जसंच्या तसं होतं. उन्हाने पत्रा तापला होता.

आत कोणीतरी होतं. त्याला बाक करकरलेलं ऐकू आलं. मग ड्रॉवर सरकला, चमचे-काटे खळखळले, टेबलावर बशी ठेवल्याचा आवाज आला, मग दुसरी बशी. घरात कोणीतरी जेवायला वाढत असावं तसे ते आवाज होते, आणि त्यांत इतका सराव होता की क्षणभर त्याला भूक लागल्यासारखं वाटलं. कोणीतरी गुणगुणत होतं.

"व्हर्ना?"

गुणगुणणं थांबलं. "काय रे?"

आवाज तिचाच. पण हल्लीचा नव्हे. हल्ली ती शब्द अंधारात चाचपडावे तशी शोधायची. हा आवाज भरलेला होता, थोडा थट्टेखोर.

"काही नाही," ऑरिन म्हणाला. "कशी आहेस?"

"उकडतंय. दार उघड ना. कुलूप काय घालतोस, मी काय खेचर आहे?"

त्याचा हात खिशात गेला. किल्ली बोटांना लागली. कोणी वाटसरू बाई पंपावर गुपचूप चढून बसली असेल, त्याने स्वतःला समजावलं. चेष्टा करत असेल. पण तिला चमच्याचं कसं कळलं? मग त्याला सुचलं ते त्याने विचारलं, आणि विचारताना त्याचे ओठ दाराच्या पत्र्याला जवळजवळ टेकले होते.

"व्हर्ना, लग्नाच्या दिवशी आपलं खेचर कुठे बसलं होतं?"

आत ती हसली. "पोस्टाच्या दारात. गाडीसकट. सगळं गाव बघत होतं आणि नवरदेव तोंड लपवून रडत होते. ते रडणं मी कधी कोणाला सांगितलं नाही, सांगितलं का?"

बरोबर होतं. अक्षर न् अक्षर बरोबर होतं. मागच्या नाताळात जोलीनने लग्नाचा फोटो पुढे धरला, तेव्हा व्हर्नाने दोघांच्या तोंडांवरून बोट फिरवत विचारलं होतं, ही माणसं कुठली. उत्तर बरोबर आलं म्हणूनच ऑरिनला कळलं की आत व्हर्ना नाही.

तो दांड्यावरून उतरला नाही लगेच. खरं सांगायचं तर त्याला किल्ली लावावीशी वाटली. आत दोन बश्या मांडल्या होत्या. त्याचं हसणं, रडणं, चाळीस वर्षांपूर्वीची हरणं, सगळं जिला ठाऊक होतं अशी कोणीतरी आत त्याची वाट बघत होती. आणि तिकडे पंपावर जी बसली होती तिला त्याचं तोंडही आठवत नव्हतं. टोनोपा पुढे होतं, मागे नव्हतं. हे त्याच्या मनात आलं. त्याला स्वतःची किळस आली, पण मनात आलं ते आलं.

मग त्याला डोळ्यांपुढे उन्हात बसलेली व्हर्ना दिसली, उठून कुत्र्यामागे वाळवंटात चालत गेलेली दिसली. त्याने किल्ली खिशातच सोडून दिली आणि पुढे जाऊन बसला.

६

एवढा लांबलचक जोड त्या अरुंद रस्त्यावर वळवता येत नाही. खाणीकडे जाणारा एक कच्चा फाटा लागला तिथे त्याने हळूहळू, पुढे-मागे करत गाडी फिरवली. तोंड पूर्वेकडे होताच मागून दोन ठोके आले. त्याने चमच्याला हात लावला नाही.

पुन्हा दोन. मग पुन्हा दोन, जरा हळू, समजूत घातल्यासारखे. तरी तो गप्प राहिला, तेव्हा तळहाताचे धबके सुरू झाले. आत्ताच्या आत्ता थांब. काच थरथरत होती. आरशात पडदा हलत होता, पण बाजूला होत नव्हता. ऑरिनने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि खेचरं हाकताना तोंडाने करायचा तो टकटक आवाज करत राहिला, भान राहावं म्हणून.

मग धबके बंद झाले. शांत झालं ते जास्त वाईट होतं. त्याने डाव्या बाजूच्या लांब आरशात पाहिलं.

खोलीच्या खिडकीतून एक हात बाहेर आला होता. कोपरापर्यंत उघडा, भरलेला, बोटं वाऱ्यात पसरलेली. तरुणपणी व्हर्ना वारा असाच हातावर घ्यायची. तो हात वाऱ्यावर वरखाली होत राहिला. मग त्याला आरशातून आपल्याकडे बघितलं जातंय हे कळल्यासारखा थांबला, आणि बोटांनी त्याला आत ये, आत ये, असं बोलावायला लागला.

ऑरिनने आरसा आतून मुरगळून आकाशाकडे केला. उरलेला रस्ता त्याने पुढेच बघत कापला.

७

व्हर्ना पंपाच्या सावलीत खुर्चीवर बसली होती. निळा स्वेटर, हातात पाण्याची बाटली. कुत्रा पायाशी. ऑरिन गाडीचं दार उघडं टाकूनच उतरला.

"आले पाहा महाराज," ओपल दारातून म्हणाली. "शोभतं का या वयात? ती बिचारी मगापासून माझ्या कुत्र्याला तुमची स्तुती सांगतेय."

"चुकलं," ऑरिन म्हणाला.  तो व्हर्नासमोर गुडघ्यावर बसला. "चल. पुढे बस माझ्या शेजारी."

व्हर्नाने त्याच्याकडे बघून हसून मान हलवली. मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली, खोलीच्या खिडकीकडे, आणि तिने हात वर करून कोणाला तरी ओळखीचा नमस्कार केला.

"नको," ती हळूच म्हणाली. "तुमच्या मिसेस आहेत ना गाडीत. माझ्यामुळे त्यांना कशाला मागे बसायला लावता?"

"त्या माझ्या मिसेस नाहीत."

"असं म्हणू नये. त्या किती प्रेमाने बघताहेत तुमच्याकडे." तिने कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. "माझे मिस्टर येतीलच. ते जरा पुढे गेलेत."

ऑरिन उठला. त्याला आता काय करायचं ते नक्की कळलं होतं, आणि त्यात त्याला कसलाही आनंद नव्हता.

या खोल्यांना चार कोपऱ्यांत चार लोखंडी पाय असतात. ते खाली सोडायचे, खोली त्यांच्यावर उचलायची, आणि खालून पिकअप काढून घ्यायचा, की खोली एकटी उभी राहते. त्याने आधी ट्रेलर सोडवला, खेचरांना सावलीत ठेवलं. मग खोलीच्या बांधलेल्या साखळ्या एकेक सैल केल्या, विजेची वायर काढली. ओपलने बाहेर येऊन विचारलं, "हे काय, खोली ठेवून चाललात?"

"पुढे वजन जास्त होतंय."

"कधी नेणार?"

"बघतो."

"माझ्या जागेत कायमची नको बरं," ओपल म्हणाली आणि आत गेली. तिने खिडकीकडे एकदाही पाहिलं नाही. बघायचं नाही असं ठरवलं होतं की तिला काही दिसतच नव्हतं, हे ऑरिनने विचारलं नाही.

तो पहिला पाय फिरवायला लागला, तेव्हा पत्र्याच्या आतून, त्याच्या कानाशी, ती बोलली.

"काय करतोयस, ऑरिन?"

तो हँडल फिरवत राहिला.

"मला सगळं आठवतंय रे. तिला काय आठवतं?"

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

"मग?"

 त्याने दुसरा पाय सोडला, मग तिसरा. तो जिथे जाईल त्या कोपऱ्यात आतून पावलं येत, आणि पत्र्याला हात लागल्याचा आवाज येत असे. धबके नव्हते, ओरडा नव्हता. चौथ्या पायाशी तो वाकला तेव्हा आतून नुसता श्वास ऐकू येत होता, रडू आवरणाऱ्या माणसाचा. ऑरिनही रडत होता. दोघं एका पत्र्याच्या दोन बाजूंना तसे राहिले, आणि मग त्याने जाऊन पिकअप पुढे काढला. खोली आपल्या काटकुळ्या पायांवर जराशी हलली आणि स्थिर झाली.

ट्रेलर पुन्हा जोडला. व्हर्नाला या वेळी पुढे बसवताना तिने कुरकुर केली नाही. गाडीत आता दुसरं कोणी नाही, हे पाहून तिचं समाधान झालं असावं. "माझ्या मिस्टरांकडे सोडाल ना?" तिने विचारलं. तो हो म्हणाला. तिचा पट्टा त्याने लावून दिला, तेव्हा तिने त्याचे आभार मानले.

गाडी रस्त्याला लागली. कित्येक वर्षांनी ऑरिनच्या समोरचा आरसा मोकळा होता. त्यात खेचरांचा ट्रेलर दिसत होता, आणि गाडी वळण घेऊन खोऱ्याकडे उतरली तेव्हा ट्रेलरच्या कडेने पंप दिसला आणि पंपाशेजारी उन्हात उभी असलेली पांढरी खोली. खिडकीत काही हलत होतं की नाही, हे एवढ्या लांबून सांगता आलं नसतं. व्हर्ना मागे वळून बघत होती. तिने हात हलवून निरोप घेतला.

"ती बाई मागे राहिली," ती म्हणाली.

"हो."

"तिचे मिस्टर येतील ना तिला न्यायला?"

ऑरिनने रस्त्याकडे बघितलं. "नाही," तो म्हणाला.

व्हर्नाने पुन्हा एकदा मागे वळून पाहिलं. ट्रेलरमध्ये खेचरं पाय आपटून शांत झाली.

"मग कोणीतरी तसं सांगायला हवं होतं तिला," ती म्हणाली. "नाहीतर बसेल बिचारी वाट बघत."